लॉगने डिस्क खाल्ली

ऐरोलीच्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून ठेवलंय, फोटो बॅकअपसाठी, आणि परवा रात्री साडेअकराला बॅकअप अडकला म्हणून बघतो तर डिस्क १०० टक्के फुल! फोटोंनी नाही हो, सिसलॉग नावाची, सिस्टिमच्या नोंदींची (लॉगची) एकच फाइल ३८ जीबी, वायफायचा ड्रायव्हर एकच एरर सतत ओकत बसलेला. मी शहाणा, फाइल सरळ उडवली. जागा? जैसे थे. कारण या नोंदी लिहिणाऱ्या आरसिसलॉग प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवलेली, आणि प्रोसेस सोडत नाही तोवर लिनक्स जागा मोकळी करत नाही, सर्व्हिस रीस्टार्ट केली तेव्हा कुठे सुटली. खरं तर फाइल ट्रंकेट करून, म्हणजे न उडवता आतून रिकामी करून, शून्यावर आणायची असते, हे नंतर आठवलं.

मग जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींचा दुसरा साठा. तो सांभाळणारा जर्नलडी डिफॉल्टने डिस्कच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४ जीबी खातो, त्याचं सिस्टिममॅक्सयूज, म्हणजे जागेची कमाल मर्यादा, ५०० एमबी केलं. जुना लॉग बाजूला काढून नवी फाइल सुरू करणारा (म्हणजे लॉग ‘फिरवणारा’) लॉगरोटेट रोज चालतो पण सिसलॉग आठवड्यातून एकदाच फिरवतो, म्हणून तिथे मॅक्ससाइझ (फाइल याहून मोठी झाली की आठवड्याची वाट न बघता फिरवायची) २०० एमबी घातलं. सकाळची ठाणे-वाशी लोकल अर्थातच चुकली. ड्रायव्हरचं शनिवारी बघू, तोवर वायफाय बंद आणि हॉलभर लॅनची वायर, आईला दोनदा अडखळायला झालंय.