शिंगप्रवाळाच्या रेघा मोजताना

डेव्होनियन काळातल्या (सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या) हेलिओफायलमची, म्हणजे शिंगाच्या आकाराच्या एका नामशेष प्रवाळाच्या जीवाश्माची, साफसफाई संपली. सगळं ब्रश आणि बोथट सुईनेच केलं. अ‍ॅसिड वापरलं नाही, कारण प्रवाळ कॅल्साइटचं आणि भोवतालचा खडकही चुनखडीचा. अ‍ॅसिड दोघांनाही सारखंच खातं.

जीवाश्म जमवणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण असं शिंगप्रवाळ हाती आलं की ते कापून पॉलिश करायला घेतात. आडव्या छेदात सांगाड्यातले उभे पडदे झकास दिसतात, मान्य. पण माझ्या मते खरा ऐवज बाहेरच्या सुरकुतलेल्या सालीवर, म्हणजे एपिथेकावर असतो. तिथल्या बारीक रेघा रोजच्या वाढीच्या मानतात. जीवाश्म अभ्यासक जॉन वेल्स यांनी १९६३ साली मध्य डेव्होनियन प्रवाळांवर वर्षाला सरासरी ४०० च्या आसपास रेघा मोजल्या. वर्षाचे एकूण तास तेव्हाही जवळपास आजइतकेच, म्हणजे ८,७६६. त्याला ४०० ने भागा, दिवस २२ तासांहून किंचित कमी भरतो. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत आली, हा खगोलशास्त्राचा हिशोब दगडातही सापडला. पुढे दुसरे अभ्यासक कॉलिन स्क्रटन यांना रेघांचे गट दिसले, दर गटात सरासरी ३०.६. एक गट म्हणजे एक चांद्र महिना असं त्यांनी मानलं. वर्षात असे तेरा महिने!

माझ्या नमुन्यावर दिवा अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळपास टेकवून लावल्यावरच रेघा उठून दिसल्या. मॅक्रो फोटो काढून दर दहाव्या रेघेवर खूण केली. चांगल्या टिकलेल्या पट्ट्यात गटागणिक २९ ते ३२ रेघा आल्या. सलग वर्ष मात्र मिळत नाही, मधली साल झिजली आहे. शिवाय अपेक्षित आकडा डोक्यात असला की डोळा तिकडेच ओढला जातो. म्हणून तेच फोटो आता या विषयाचा गंध नसलेल्या मित्राकडून मोजून घेतोय.

अनपेक्षित लाभ म्हणजे शिंगाचा बाक. मध्यावर एकदम वळण आहे आणि तिथे साल आकसली आहे. प्रवाळ मऊ गाळात कलंडलं, तरीही जिवंत राहिलं आणि पुन्हा वरच्या दिशेने वाढलं, असा त्याचा सरळ अर्थ. कलंडलं ते वादळाने की खालचा गाळ खचल्याने, हे एका नमुन्यावरून ठरवता येणार नाही. त्याच थरातली आणखी शिंगं एकाच बाजूला वाकलेली निघाली, तर प्रवाहाची दिशा तरी हाती लागेल.

पुढचं काम: रेघांचा उठाव नीट दिसावा म्हणून अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर देऊन झिजलेल्या भागाचे फोटो पुन्हा काढणे.