आदमच्या घोट्यापासून सुरुवात: न्यूयॉर्कच्या मेटमधली युरोपीय शिल्पं

मेट्रोपॉलिटन म्युझियमचा 'युरोपीय शिल्प आणि सजावटकला' विभाग पाहायचा तर आधी नकाशावर ५०० ते ५५६ या आकड्यांच्या दालनांवर पेनाने खूण करून घ्यावी. बहुतेक दालनं अमेरिकन हिशेबाने पहिल्या, म्हणजे आपल्या तळमजल्यावर आहेत. भुयारी रेल्वेच्या ४, ५ किंवा ६ नंबरच्या गाडीने ८६व्या रस्त्यावर उतरून चालत जाता येतं. बुधवारी संग्रहालय बंद असतं. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळेला ही दालनं जवळपास रिकामी मिळतात, म्हणून मी तीच वेळ धरली.

पहिला मुक्काम ५०४. तिथे तुल्लिओ लोम्बार्दोचा आदम उभा आहे. व्हेनिसचा डोज (तिथला प्रमुख शासक) आंद्रेआ वेंद्रामिन याच्या थडग्यासाठी १४९०-९५च्या सुमारास कोरलेला हा संगमरवरी पुतळा साधारण १९२ सेंटिमीटर उंच आहे. खालच्या पाटीवर '३६.१६३' असा आकडा दिसतो. पहिले दोन अंक संग्रहात आल्याचं साल सांगतात (१९३६), पुढचे त्या सालातला नोंदणीक्रम. ही खूण कळली की पाट्या भराभर वाचता येतात.

६ ऑक्टोबर २००२ला संध्याकाळी हा पुतळा कोसळला. तेव्हा तो शेजारच्या दालनात, स्पॅनिश वाड्याच्या चौकात होता. दगडात दोष नव्हता. खालचा प्लायवुडचा चौथरा खचला. अठ्ठावीस मोठे तुकडे झाले, शिवाय शेकडो बारीक. क्यूरेटर आणि जतनतज्ज्ञांना तो पुन्हा उभा करायला बारा वर्षं लागली, आणि नोव्हेंबर २०१४मध्ये आदम लोकांसमोर आला.

एवढा वेळ का लागला, ते घोट्यांकडे पाहिल्यावर कळतं. मोडलेल्या पुतळ्यावरचा जुना इलाज म्हणजे दोन्ही बाजूंना भोकं पाडायची, लोखंडी सळई घालायची आणि न सुटणारा गोंद ओतायचा. त्यात तीन घोटाळे. भोक पाडताना मूळ दगड जातो. सळई गंजली की फुगते आणि दगड आतून फोडते. आणि सांधा दगडापेक्षा कणखर झाला, तर पुढच्या धक्क्याला सांधा शाबूत राहतो आणि नवीच जागा मोडते. म्हणून इथे आधी तुकड्यांचं लेझर स्कॅनिंग केलं, कुठल्या सांध्यावर किती ताण येतो ते संगणकावर काढलं, आणि पिना फक्त तीन ठेवल्या: दोन्ही घोट्यांत एकेक, डाव्या गुडघ्यात एक. त्याही लोखंडाच्या नाहीत, फायबरग्लासच्या. बाकीचे सांधे पॅरालॉइड बी-७२ आणि बी-४८एन या दोन ॲक्रिलिक रेझिनांच्या मिश्रणाने जोडले. ते द्रावकाने पुन्हा सोडवता येतं. गोंद सुकेपर्यंत तुकडे धरून ठेवायला बाहेरून कार्बन फायबरच्या पट्ट्यांचा सांगाडा होता.

मिश्रण कशासाठी? नुसतं बी-७२ साधारण ४० अंश सेल्सियसला नरम पडू लागतं, आणि सतत भार असेल तर सांधा हळूहळू सरकतो. मेटमध्ये वातानुकूलन आहे, तरी त्यांनी धोका पत्करला नाही. हीच बाटली घेऊन मे महिन्यात नागपूरच्या बिनएसीच्या दालनात दगडी मूर्ती जोडायला बसणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं!

सांधे शोधायचे तर समोरून पाहू नका. बाजूला जा, म्हणजे उजेड तिरपा येतो. तरीही फारसं काही सापडत नाही. फ्लॅशला बंदी आहे, आणि संगमरवरावर तो तसाही सगळी उठावदारी पुसून टाकतो.

५०१मध्ये गुब्बिओचा स्टुडिओलो, फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो या सरदाराची अभ्यासिका (३९.१५३, म्हणजे १९३९ची नोंद). उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं, पिंजऱ्यातला पोपट, सगळं सपाट भिंतीवर आणि सगळं निरनिराळ्या लाकडांचे तुकडे जडवून केलेलं. त्यातल्या हिरव्या तुकड्यांना बुरशीने रंगलेलं लाकूड वापरलंय. दारातून नजर टाकून परत फिरू नका. मधोमध उभं राहिल्यावरच कपाटांची दारं भिंतीबाहेर येतात.

फ्रेंच दालनांत अंधार फार, अशी तक्रार बरेच जण करतात. पण खुर्च्यांवरचं रेशीम उजेडाने विटतं आणि विटलेला रंग परत येत नाही, त्यामुळे अशा कापडासाठी ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवायची पद्धत आहे. पोर्सेलीन आणि संगमरवराला ही अडचण नाही. म्हणून इथून पुढचा क्रम असा ठेवावा: आधी अंधारी दालनं, डोळे सरावलेले असतानाच, शेवटी ५३४मधला बेलेझ ब्लांकोचा चौक, जिथून आदम पडला होता.