आमची वाटचाल: रंगाच्या आधीचं काम

विज्ञानकथेतल्या युद्धखेळांची मिनिएचर (सैनिकांची छोटी मॉडेलं) जोडून, हवी तशी बदलून आणि रंगवून देणं हा आमच्या छोट्या फर्मचा व्यवसाय. सुरुवातीला कामाचा हिशोब आम्ही रंगाच्या थरांवर करायचो: बेस कोट (मूळ रंगाचा थर), वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), हायलाइट (कडांवरचा उजळ रंग). आज त्याच कामाचे निम्म्याहून जास्त तास प्राइमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराचा, डबा हातात घेण्याआधीच संपलेले असतात. साच्याच्या जोडाची एक रेघ खांद्यावर राहून गेली, तर वॉश नेमका तिथे साचतो आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) तीच रेघ उठावदार करतो. खालची चूक रंग झाकत नाही, दाखवून देतो. पद्धत बदलत गेली ती यामुळे.

माल बदलला हे दुसरं कारण. वॉरहॅमर 40,000 हा खेळ 1987 मध्ये आला तेव्हा बहुतेक सैनिक पांढऱ्या धातूचे असत. त्याच वर्षी तीस स्पेस मरीनचा (या खेळातल्या चिलखती सैनिकांचा) प्लॅस्टिकचा संचही निघाला. 2011 मध्ये धातूच्या बऱ्याच मॉडेलांची जागा रेझिनने (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकने) घेतली आणि आता घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भागही आमच्या टेबलावर येतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यामुळे आलेला भाग कशाचा आहे, हे आम्ही सगळ्यात आधी ठरवतो. गोंद त्यावरच अवलंबून.

साच्यातलं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. प्लॅस्टिक सिमेंट त्याला चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. याचा फायदा असा की सिमेंट जरा सढळ लावून सांधा दाबला, तर वितळलेलं प्लॅस्टिक बारीक मण्यासारखं बाहेर येतं. ते लगेच पुसायचं नाही. एक दिवस सुकू द्यायचं आणि मग सुरीच्या पाठीने खरवडायचं. सांधा पुट्टीशिवाय बुजतो. धातूवर आणि रेझिनवर हे सिमेंट निरुपयोगी, तिथे सुपरग्लू. सुपरग्लू ओढ सहन करतो, पण आडवा झटका बसला की तडकतो. म्हणून धातूचा जड हात नुसत्या सुपरग्लूवर टिकत नाही, पिन घालावीच लागते. हातड्रिलने एका बाजूला 1 मिमीचं भोक पाडायचं, त्यात पितळी तार बसवायची, तारेच्या टोकाला रंगाचा ठिपका लावून समोरच्या भागावर टेकवायची. ठिपका उमटला तिथे दुसरं भोक. अंदाजाने पाडलेली भोकं समोरासमोर येत नाहीत, आणि मग भोक मोठं करत बसावं लागतं.

रेझिनचा भाग आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवायचा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ अंगावर राहिला, तर प्राइमर पापुद्र्यासारखा निघतो. वाकलेली तलवार किंवा बंदूक गरम पाण्यात थोडा वेळ धरली की मऊ पडते. सरळ करून तशीच धरून गार पाण्यात बुडवायची. कानस मारताना मास्क हवाच, आणि पॉलिश पेपर ओला करूनच घासायचं, कारण रेझिनची भुकटी फुप्फुसात जायला नको. छापलेल्या भागांत आणखी एक गोष्ट तपासतो: आतून पोकळ असेल तर निचऱ्याचं भोक आहे का. नसेल आणि आत कच्चं रेझिन अडकलं असेल, तर रंगवून झाल्यानंतरही ते चीर पाडून बाहेर येतं.

बदल करण्याचं काम म्हणजे आमचा जीव की प्राण. वेगवेगळ्या संचांचे भाग एकत्र करण्याला किटबॅश म्हणतात. ते करताना आम्ही भाग कापण्याआधी निळ्या, पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने तात्पुरते टेकवून उभं मॉडेल हातभर अंतरावरून बघतो. कंबर, मान आणि पावलं एकाच हालचालीत वाटली पाहिजेत. डोकं नेम धरलेल्या बाजूला वळलेलं नसेल, तर बाकीचं कितीही सुबक असो, सैनिक बाहुला दिसतो. चिलखतावरचे रिव्हेट आम्ही प्लॅस्टिकच्या बारीक कांडीच्या चकत्या कापून करतो, नळ्यांसाठी गिटारची पीळदार तार वापरतो. बंदुकीच्या नळीला पुढून भोक तर प्रत्येक कामात पाडतोच. आधी सुरीच्या टोकाने मध्यावर खूण करायची, नाहीतर ड्रिल सरकतं.

जिथे भाग मिळत नाही तिथे ग्रीन स्टफ. निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची ही इपॉक्सी पुट्टी. दोन्ही पट्ट्या शेजारी चिकटून येतात, त्यामुळे मधल्या सांध्यावर ती आधीच कडक झालेली असते. तो एखाद-दोन मिलिमीटरचा भाग कापून टाकायचा, नाहीतर मळल्यावरही खडे हाताला लागतात. समसमान घेतली तर सर्वसाधारण कामाला योग्य. धारदार कडा हवी असेल तर निळा जास्त, कापडाच्या घड्या हव्या असतील तर पिवळा जास्त. एकसारखा हिरवा रंग येईपर्यंत मळायचं. झग्याची घडी घडवताना दिसतं ते असं: ताजी पुट्टी इतकी चिकट असते की हत्यार उचललं की तीही सोबत उठते. म्हणून पहिल्या मिनिटांत फक्त ती मॉडेलवर बसवून पसरवायची. अर्ध्या तासाने तिला जरा ताठपणा येतो, तेव्हा पाण्यात बुडवलेल्या सिलिकॉनच्या टोकाने घडीचा खोलगट भाग ओढायचा, वरची कड दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दाबत अरुंद करायची. साधारण दीड तासाने ती हत्यार मानत नाही. चिलखत आणि झगा एकाच दिवशी करायला गेलं की एकाचे ठसे दुसऱ्यावर उमटतात, म्हणून आम्ही एक भाग रात्रभर कडक होऊ देतो आणि मगच पुढचा घेतो. हत्याराला व्हॅसलीन लावलं असेल तर मॉडेल धुतल्याशिवाय रंग नाही.

शस्त्रं बदलता यावीत म्हणून हातांत चुंबक बसवायची मागणी वाढत गेली. पायदळाला 3 बाय 1 मिमीचे निओडिमियम चुंबक पुरतात. भोक 1, मग 2, मग 3 मिमी अशा क्रमाने हातानेच पाडायचं, कारण विजेच्या ड्रिलने प्लॅस्टिक वितळतं. चुंबकाचा गुळगुळीत मुलामा पॉलिश पेपरने खरवडला की सुपरग्लू पकड घेतो. बसवायला लाकडी काडी लागते, लोखंडी चिमटा चुंबकाला परत ओढून काढतो. सगळ्यात महागडी चूक ध्रुवाची. एका काडीला कायमचा चिकटवलेला एक चुंबक आम्ही माप म्हणून ठेवतो. धडात बसणाऱ्या प्रत्येक चुंबकाची बाहेरची बाजू त्याला चिकटलीच पाहिजे, हाताची बाजू दूर ढकलली गेलीच पाहिजे. त्यामुळे कुठलाही हात कुठल्याही सैनिकाला बसतो.

प्राइमर 20 ते 25 सेंमीवरून, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, दोन पातळ हात. लांबून मारला किंवा हवा फार गरम असली तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दमट दिवशी आम्ही डब्याला हात लावत नाही, एअरब्रशने ॲक्रिलिक प्राइमर मारतो.

रंगाबद्दल थोडक्यातच सांगतो. ॲक्रिलिक पाणी घालून इतका पातळ हवा की नखावर ओढलेल्या रेघेच्या कडेला उंचवटा राहू नये. पिवळा रंग काळ्यावर कधीच बसत नाही, खाली मातकट पिवळा किंवा फिकट गुलाबी घालावा लागतो. अर्धवट सुकलेल्या वॉशला पुन्हा ब्रश लावला की डाग पडतो; ओला असतानाच जास्तीचा टिपून घ्यायचा. धातूच्या रंगांचं पाणी वेगळं ठेवायचं, नाहीतर चमकीचे कण चेहऱ्यावर येतात. 2019 पासून मिळणाऱ्या कॉन्ट्रास्ट रंगांनी (एकाच हातात रंग आणि सावली देणाऱ्या) केस, कातडं, कापड झपाट्याने होतं. सपाट चिलखतावर मात्र ते ढगाळ दिसतात, आम्ही तिथे वापरत नाही.

शिरस्त्राणाची काच सगळ्यात शेवटी. आधी गडद लाल, मग खालच्या अर्ध्यात उजळ लाल, अगदी तळाला नारिंगीची कोर, आणि वरच्या गडद कोपऱ्यात पांढरा ठिपका. उजेड वर आणि गडद खाली असं उलटं केलं की काच फुगीर चिलखतासारखी दिसते. ठिपक्यासाठी बारीक ब्रश लागतो असं नाही, टोक शाबूत असलेला 1 नंबरचा सेबल ब्रश चालतो. लहान ब्रशात रंग मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच सुकतो.

गोलाकार खांद्यावर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह) लावताना आधी ग्लॉस वार्निश, मग डेकलच्या कडेला बारीक काप आणि वरून सॉफ्टनर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रव. डेकलला सुरकुत्या पडतात. त्या वेळी हात लावायचा नाही, सुकताना ते ताणून बसतं. शेवटचा मॅट वार्निश पातळ, पुन्हा कोरड्या दिवशीच. दमट हवेत त्यावर पांढरट धुकं येतं.

प्रत्येक कामासोबत एक चिठ्ठी फाइलला जाते: कोणते रंग, मिश्रणात किती थेंब, कोणता वॉश, पाण्याचं प्रमाण, आणि प्राइमर कुठल्या रंगाचा. तोच ग्राहक वर्षभराने त्याच पलटणीचे आणखी पाच सैनिक पाठवतो, तेव्हा ते जुन्यांशेजारी उभे करून कोणते नवे ते सांगता येऊ नये, एवढ्यासाठी.