तुम्ही विचारलंत म्हणून: साइट हलवली की सोबत काय येतं?

सीझन संपत आला की होमस्टेवाले, देवस्थानांच्या कमिट्या, म्हापशातले दुकानदार सगळे हेच विचारतात, ताई आमची साइट जुनी झालीय, नव्या प्लॅटफॉर्मवर नेली तर सगळं जसंच्या तसं येईल ना? फोनवर मी "हो, बरंचसं येईल" म्हणते, पण तेवढ्यावर कोणी निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

मजकूर येतो. लेख, तारखा, कॅटेगरी, हे सगळं एक्स्पोर्ट फाइलमधून, म्हणजे जुन्या साइटमधून मजकूर बाहेर काढून देणाऱ्या फाइलमधून, निघतं. दिसणं येत नाही. आपल्याकडच्या उत्सवातल्या नाटकासारखं आहे ते, संहिता दुसऱ्या गावात नेता येते, पडदे मात्र तिथल्या रंगमंचाप्रमाणे नव्याने बांधावे लागतात. थीम (साइटचं रूप), मेन्यू, फॉर्म परत करायचे हे धरूनच चला.

फोटोंचं मात्र नीट ऐका. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, आणि इम्पोर्ट करताना नवी साइट जुन्या सर्व्हरवर जाऊन एकेक फोटो उचलून आणते. म्हणजे पैसे वाचवायला जुनं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा, आधीच बंद केलंत तर आणायला काही उरतच नाही, आणि देवस्थानाच्या साइटवर जुन्या जत्रांचे असे फोटो असतात की ज्यांची दुसरी प्रत कुठेच नसते, म्हणून सगळे फोटो दिसतायत हे बघितल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. त्याआधी फोटोंच्या संपूर्ण फोल्डरची एक कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

ग्राहकांचे पासवर्ड सहसा येत नाहीत. ते मुळात उलगडता येणार नाहीत अशा रूपात साठवलेले असतात आणि ती पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी. शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकानांच्या प्लॅटफॉर्मवर, गेलात तर नावं, ईमेल येतील, पासवर्ड लोकांना नवाच करावा लागेल, तेव्हा त्यांना आधी कळवा.

आता पत्ते, म्हणजे पानांच्या लिंक. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते महिनाभर कोणाला कळतही नाही. तुमच्या पानाची लिंक कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली असते, आमंत्रणपत्रिकेवर क्यूआर कोड छापलेला असतो, गूगलला ते पान वर्षानुवर्षं माहीत असतं. नवा प्लॅटफॉर्म स्वतःच्या पद्धतीने पत्ते बनवतो, शॉपिफायवर तर प्रत्येक वस्तूच्या पत्त्यात 'प्रॉडक्ट्स' येणारच, ते काढता येत नाही. म्हणून जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच्याच नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट लावायचा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप आणि कायमचा नव्या पानावर जातो. सगळे जुने पत्ते सरळ होमपेजवर वळवणं सोपं असतं, पण शोधणाऱ्याला हवं ते मिळत नाही आणि गूगलही ते पान हरवलं असंच समजतं. हे रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणते काढूच नका.

मराठी साइटला इथे आणखी एक त्रास आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना मात्रा धरून, पत्त्यात ९ अक्षरांची जागा घेतं आणि वर्डप्रेस पत्त्याचा शीर्षकावरून बनलेला भाग २०० अक्षरांवर कापतं. 'म्हार्दोळच्या जायांची पूजा' असं शीर्षक दिलंत तर पत्ता 'पू'वर तुटतो! नव्या ठिकाणी तो पूर्ण बनेल किंवा वेगळ्याच जागी तुटेल, त्यामुळे रीडायरेक्टसाठी जुन्या पत्त्यांची यादी शीर्षकांवरून बनवायची नाही, जुन्या साइटमधून खरे पत्तेच काढायचे.

मजकूरही डोळ्यांनी वाचून बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या काही साइट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी मराठी साठवायच्या पद्धतीत, नाहीतच, त्यांचा फॉन्ट गेला की नुसती इंग्रजी अक्षरं उरतात, तिथे आधी कन्व्हर्टर लागतो. आणि 'दुसऱ्या'मधला र काही जणांनी न दिसणारं जोडचिन्ह वापरून टाइप केलेला असतो, सफाई करणाऱ्या टूलने ते चिन्ह उडवलं की सगळीकडे 'दुसर्या' होऊन बसतं. मराठी वाचणारं माणूस पाहिजे त्याला, मशीनला यात काही चुकलंय असं वाटत नाही.

होमस्टेवाल्यांनो, गूगल मॅप्सवरचे रिव्ह्यू कुठे जात नाहीत, ते साइटवर नसतातच. पण एअरबीएनबीला जोडलेलं कॅलेंडर तुटतं. नवी साइट कॅलेंडरची नवी लिंक देते, ती तिकडे जाऊन परत टाकावी लागते आणि तिकडची इकडे. नाही टाकलीत तर डिसेंबरात एकाच खोलीला दोन बुकिंग, आणि दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला काय सांगणार?

नेमसर्व्हर (डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, माहिती ठेवणारे सर्व्हर) बदलत असाल तर एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे ईमेल कुठे पोचवायची ते सांगणारी नोंद, आधी उतरवून घ्या, नाहीतर साइट छान चालते आणि ईमेल येणं बंद होतं. डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही आत्ताच बघा, कमिटीच्या की पूर्वी कधी साइट करून दिलेल्या मुलाच्या. त्याच्या नावावर असेल तर पहिला फोन त्याला करा, मला नंतर. आणि काम जून-जुलैत काढा, तेव्हा बुकिंग कमी असतात, चवथीपर्यंत काय राहिलंय ते शांतपणे तपासता येतं.