तुम्ही विचारलंत म्हणून: बेंचमार्क घरच्या मशीनवर का?

"बिल्ड सगळे क्लाऊडवर होतात, मग बेंचमार्कसाठीच तो जुना डबा घरात कशाला?" नागपूरला धरमपेठेत चहाला बसलो तरी हाच प्रश्न. बिल्ड म्हणजे कोडपासून आमचं टूल, म्हणजे चालणारा प्रोग्राम, तयार करणं; बेंचमार्क म्हणजे ते किती वेगाने चालतं ते मोजणं.

बिल्डला क्लाऊडवरचं भाड्याचं मशीन चालतं. लिनक्सचा बिल्ड मुद्दाम जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) करायचा, नाहीतर जुन्या सर्व्हरवर टूल सुरूच होत नाही. विंडोजवर उघडी फाइल सहसा पुसता येत नाही, म्हणून टेस्ट अडकतात. कटकट आहे, पण निकाल हो किंवा नाही. वेळ मोजणं तसं नसतं. भाड्याचं मशीन सहसा अनेकांत वाटलेलं असतं, शेजारी कोण बसलाय ते दिसत नाही. त्याचं काम वाढलं की आपले आकडे हलतात.

एवढं सांगून मी विषय बदलतो. कारण घरचा डबाही एकदा खोटं बोललाय, आणि मी त्याची साक्ष काढली होती.

मे महिना, ४५ अंशांच्या वरची दुपार. सावनेरकडच्या एका कॉलेजच्या पोराने टूलच्या पार्सरमध्ये (मजकूर वाचून त्याची फोड करणारा भाग) बदल पाठवला होता. बेंचमार्क चालवला, टूल जानेवारीच्या आकड्यापेक्षा ९ टक्के हळू. मी सगळ्यांसमोर लिहिलं, "मोजल्याशिवाय बदल पाठवू नये," आणि बदल काढून टाकला. त्याने लिहिलं, "दादा, माझ्याकडे तर फरक दिसत नाही." मी लिहिलं, "तुझ्या लॅपटॉपवर काय दिसतं, ते इथे चालत नाही."

दोन आठवडे आकडे तसेच. त्याचा बदल काढला होता, तरी तसेच! तेव्हा कुठे जानेवारीतला बिल्ड पुन्हा चालवला. तोही हळू. दुपारी आई कुलर बाबांच्या खोलीत सरकवायची. प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवत होता. जानेवारीचा आकडा रात्रीचा, थंडीतला. दोन्ही मी एकाच तक्त्यात शेजारी मांडले होते.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: आकडा समोर होता ना, मग चुकलं काय? अरे बाबा, टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग, बंद करून मोजावं हे लोकांना तूच शिकवत होतास.

आता टर्बो बंद असतो, जुना आणि नवा बिल्ड आलटून-पालटून चालतात, आकड्याशेजारी तापमान लिहिलेलं असतं. मेमध्ये पहाटे ४ ला मोजतो. आई म्हणते, "काहून उठते रे एवढ्या लवकर?" क्लाऊडवर नेलं तर झोप मिळेल, मान्य. पण इथे निदान कुलर कोणी हलवला ते विचारता येतं. हे कारण पुरेसं आहे का, मलाही शंका आहे.

त्या पोराचा बदल पुन्हा टूलमध्ये घातला, माफीही तिथेच, सगळ्यांसमोर मागितली. "ठीक आहे दादा," एवढंच आलं. नंतर त्याचं काही आलं नाही. परीक्षा असेल, नोकरी लागली असेल, असं मी धरून चालतो.