घर कोणाच्या नावावर झालं?

मी बुदापेस्टच्या आठव्या जिल्ह्यात, योझेफवारोशमध्ये राहते. शहराच्या २३ जिल्ह्यांत याचं नाव सगळ्यात वाईट. आता मात्र इथे भाडं परवडत नाही म्हणून लोक कुरकुरतात.

इथली जुनी घरं गिरगावातल्या माणसाला लगेच ओळखू येतात. मधे चौक, भोवती उघडी गॅलरी, प्रत्येकाचं दार गॅलरीतच. आमच्या चौकात गालिचे झोडपायची लोखंडी चौकट अजून उभी आहे, सायकली तिलाच टेकवून ठेवतात.

वस्ती बदलली ती बिल्डर आल्यामुळे, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. कोण राहणार आणि कोण जाणार याची वाटणी आधीच झाली होती, तीही कागदावर. १९५२ मध्ये सरकारने भाड्याच्या इमारती ताब्यात घेतल्या. १९९० नंतर त्या जिल्ह्यांच्या पालिकांकडे आल्या आणि १९९३च्या कायद्याने राहत्या भाडेकरूला आपलं घर विकत घ्यायचा हक्क मिळाला, बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात. आज हंगेरीत दहातली नऊ घरं मालकीची आहेत. ऐकायला किती छान!

पण घेतली कोणी? रस्त्याकडची, उंच छताची घरं ज्यांच्याकडे होती त्यांनी पटापट घेतली. आतल्या बाजूची घरं म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास. त्यातली बरीच पालिकेकडेच राहिली. त्याच काळात कारखाने बंद पडत होते आणि सगळ्यात आधी काम गेलं ते रोमा या गरीब, अल्पसंख्य समाजातल्या कामगारांचं. पैसे आणणार कुठून?

तळमजल्यावरच्या आजींनी तेव्हा घर घेतलं. शेजारच्या रोमा बाईंनी नाही घेतलं. मी कारण विचारलं तर आजींनी मला त्या घराची भिंत दाखवली. कमरेपर्यंत गिलावा सुटलेला, आतल्या विटा हाताला ओल्या लागत होत्या. "तिच्या नवऱ्याचं काम गेलेलं. आणि पोरी, ही ओल विकत घेऊन ती करणार काय होती?"

एकाच चौकातली दोन दारं. पण पुढे याच जिल्ह्यातल्या कोर्विन या जुन्या सिनेमागृहाच्या मागचे जुने चौक पाडून तिथे कचेऱ्या, मॉल आणि नव्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा अशा दोन दारांचं नशीब वेगळं ठरलं. मालकाला घराची किंमत मिळाली. पालिकेच्या भाडेकरूला दुसरं घर किंवा रोख रक्कम, आणि त्या रकमेत याच वस्तीत घर मिळणं कठीण. ज्यांची मुलं इथल्या शाळेत होती, ज्यांचे सगेसोयरे पलीकडच्या गल्लीत होते, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून माझा जीव तुटतो.

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. तिथून चालत जाण्याजोग्या मागदोलना भागात २००५ पासून पालिकेने घरं पाडण्याऐवजी दुरुस्त केली, भाडेकरूंना तिथेच ठेवून, आणि काही कामं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. हे काम हळू चालतं, त्यातून जमिनीला मोठा भाव येत नाही. मला तरी तेच बरोबर वाटतं. पालिकेकडे उरलेली घरं आता फारच थोडी आहेत. त्यातलं एकही विकू नये, ओल काढावी, संडास आत घ्यावा आणि आधी राहत आहेत त्यांनाच ते भाड्याने द्यावं.