तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॉल्व्ह मिळतात का अजून?

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर चालवणारे जुने व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरणारे अँप्लिफायर मी दुरुस्त करतो, असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "व्हॉल्व्ह मिळतात का हो अजून?"

मिळतात. अँप्लिफायरमध्ये लागणारे केटी66 व्हॉल्व्ह आजही नवे बनतात. जुन्या टीव्हीतले व्हॉल्व्ह मात्र बहुधा शिल्लक साठ्यातूनच शोधावे लागतात. पण खरं सांगायचं तर या कामात सगळ्यात कमी काळजी व्हॉल्व्हचीच. तो सॉकेटमधून काढता येतो, दुसरा बसवता येतो. बिघाड बहुतेकदा भलतीकडेच असतो आणि आळ मात्र व्हॉल्व्हवर येतो.

क्वाड टूचंच बघा. पीटर वॉकर यांच्या कंपनीचा हा 15 वॅटचा अँप्लिफायर 1953 साली आला आणि 1957 साली त्याच कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणला. ही जोडी अजून पुष्कळ घरांत वाजते. तक्रार नेहमीची: एका केटी66 ची प्लेट (आतला बाहेरच्या बाजूचा धातूचा पत्रा) तापून लाल होते. मालक नवी जोडी आणतो, काही दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच. दोष असतो आधीच्या टप्प्यातून सिग्नल पुढे देणाऱ्या जुन्या कपलिंग कपॅसिटरमध्ये. त्याने डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) पूर्ण अडवायला हवा, पण वयोमानाने तो थोडा पाझरू लागतो. ग्रिडचा (व्हॉल्व्हमधला करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीचा) रेझिस्टर 680 किलोओहमचा धरला, तर नुसत्या 1 मायक्रोअँपिअर गळतीने ग्रिडवर जवळपास 0.7 व्होल्ट चढतात. तेवढ्याने व्हॉल्व्हमधला करंट वाढतो. तो तापतो, कपॅसिटरही गरम होऊन आणखी पाझरतो. ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर सेट बंद करून तो व्हॉल्व्ह काढायचा आणि पुन्हा मोजायचं. व्होल्टेज तसंच राहिलं तर गुन्हेगार कपॅसिटर, गेलं तर व्हॉल्व्ह. महागडी जोडी मागवण्याआधी हे करायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

इथपर्यंतचं काम नेहमीच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरसारखंच आहे. अवघड प्रकरण पुढे आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मधे अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यावर कायम उच्च व्होल्टेजचा भार असतो. क्वाडच्या त्या पहिल्या स्पीकरमध्ये खर्जाच्या पॅनेलला 6000 व्होल्ट, वरच्या सुरांच्या पॅनेलला 1500. पट्ट्यांना सिग्नलही हजारो व्होल्टचा लागतो, म्हणून स्पीकरच्या आत तो वाढवणारा ट्रान्सफॉर्मर असतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत अकूस्टॅट आणि बेव्हरिज यांनी हा ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला आणि व्हॉल्व्ह थेट पट्ट्यांना जोडले. अकूस्टॅटने त्यासाठी टीव्हीचे लाइन आउटपुट व्हॉल्व्ह वापरले. पिक्चर ट्यूबच्या सर्किटमध्ये हजारो व्होल्टचे झटके सोसण्यासाठीच ते घडवलेले होते. कल्पना लाजवाब. दुरुस्त करणाऱ्याची मात्र परीक्षा.

कारण इथे साधा रेझिस्टरही साधा राहत नाही. अर्ध्या वॅटच्या कार्बन रेझिस्टरला साधारण 350 व्होल्टची मर्यादा असते, मग त्यात उष्णता कितीही कमी होत असो. म्हणजे 3000 व्होल्ट पेलायचे तर असे निदान नऊ एकापुढे एक लावावे लागतात. उघडलेल्या सेटमध्ये अशी माळ दिसते, आणि कधी कधी मधेच तिच्या जागी एकच चकचकीत नवा रेझिस्टर दिसतो. ओहम बरोबर, वॅट बरोबर, आणि तरीही तो गेलेला. कोणीतरी "सोपं" करून ठेवलेलं असतं. जुनी माळ शाबूत असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. कार्बनच्या रेझिस्टरचे ओहम वर्षानुवर्षं वर सरकत जातात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

सोल्डरिंगचंही उलटं आहे. एरवी सोल्डर बेताचं, पिनेवर चढलेलं असावं. इथे टोक जराही वर राहिलं तर त्यातून हवेत गळती सुरू होते, म्हणून जॉइंट मुद्दाम गोल, गुळगुळीत ठेवायचा. धूळ आणि दमट हवा यांनीही तेच होतं. फुसफुस ऐकू येते, ओझोनचा तिखट वास येतो, आणि खोली अंधारी केली तर बोर्डावर निळसर ठिणगी सरकताना दिसते. (व्हॉल्व्हच्या काचेवरच्या निळ्या झळाळीला घाबरू नका, ती निरुपद्रवी आहे. प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर आत हवा शिरली आहे.)

साधा मल्टिमीटर इथे लावू नये. त्याची मर्यादा बहुधा 1000 व्होल्टची, आणि तारांची तेवढीही नसते. शिवाय पडद्याला भार देणारा सप्लाय इतका नाजूक, की मीटर जोडल्यानेच व्होल्टेज खाली बसतं आणि चांगला सप्लाय बिघडलेला वाटतो. उच्च व्होल्टेजचा प्रोबच हवा. सेट बंद केल्यावर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करायचा, स्क्रूड्रायव्हरने नाही. आणि रिकामा करायला जोडलेली तार तशीच राहू द्यायची, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा काही व्होल्टेज धरतो. 300 व्होल्टच्या वर कधी काम केलं नसेल तर झाकण उघडूच नका. हे मी भीती घालायला म्हणत नाही. या कपॅसिटरमध्ये माणूस मरण्याइतकी ऊर्जा असते.

त्यामुळे कोणी जुना सेट घेऊन आलं, की मीच उलट दोन गोष्टी विचारतो. किती वर्षं बंद होता, आणि मधे कोणी हात लावला होता का? बरीच वर्षं पडून असेल तर आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ऑक्साइडचा थर झिजलेला असतो. वेगळ्या सप्लायवरून, मोठ्या रेझिस्टरमधून, गळतीवर नजर ठेवत व्होल्टेज हळूहळू चढवावं लागतं. काही सावरतात, काही फेकावे लागतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण "नाही" देतात. झाकण काढल्यावर आत काय ते दिसतंच. आणि "कालच लावून बघितला, चाललाही, फक्त जरा वास येत होता" असं कोणी म्हणालं, की बाकीचं नंतर, आधी प्लग काढायला सांगतो.